हं म्हणायला जागा

मिरजगावच्या एसटी स्टँडवर आम्ही तिघं सकाळपासून उभे होतो. मला नगरला जाणारी गाडी पकडायची होती, तिथून मुंबई आणि मुंबईहून विमान. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालचा उन्हाळा नुकता सुरू होत होता. माझ्या गाडीच्या आधी नगरकडून पेपरची गाडी आली. गठ्ठा खाली पडला तसे आबा पुढे झाले आणि एक अंक घेऊन परत आले. आई माझ्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत होती.

"वाच," आबा म्हणाले.

"आबा, आत्ता?"

"गाडी आल्याली दिसती का कुठं? वाच."

पहिल्याच पानावर आमच्या रस्त्याची बातमी होती. रस्ता रुंद होणार, जुन्या मोऱ्या पाडून नव्या बांधणार, असं काहीबाही. आबा बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्याचा ठरवून दिलेला तुकडा सांभाळायचा, खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे ते डोळे बारीक करून ऐकत होते. पहिला परिच्छेद झाला, मी थांबले. आबा म्हणाले, "हं." दुसरा झाला, "हं." तिसरा सुरू केला आणि गाडी आली. आबांनी माझ्या हातातून पेपर काढून घेतला, त्याची घडी घातली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बाकीचं तिकडून सांग."

मी नगरला बाजाराला चालले असावे, असं त्यांचं ते बोलणं होतं. आईने डोळ्याला पदर लावला. आबांनी सुटकेस टपावर चढवली आणि कंडक्टरला सांगितलं, "अमेरिकेला चाललीय, नीट बसवा." गाडीतली माणसं हसली. मलाही हसू आलं. रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. ते का आलं नाही हे मला अजून कळलेलं नाही.

हे मी आमच्या आळीतल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांसाठीही. त्यांनी वाचून मला सांगावं की त्यांचंही असंच झालं का. मला स्वतःला नीट उलगडत नाही.

आमच्या वस्तीत एक लहानसा बुद्धविहार आहे. संध्याकाळी वंदना झाली की तिथे पेपर वाचायचा, ही माझ्या जन्माआधीपासूनची रीत. पूर्वी तो पेपर स्टँडवरच्या हॉटेलातून यायचा, दिवसभर सगळ्यांनी हाताळून झाल्यावर, चहाचे डाग पडलेला. पुढे वर्गणी काढून विहाराचा स्वतःचा पेपर लावला. वाचायचं शाळेत जाणाऱ्या पोरांनी आणि ऐकायचं मोठ्यांनी. आमच्या पिढीत हे काम माझ्याकडे आलं. चौथीत असताना मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा माझे पाय जमिनीला टेकावेत म्हणून आबांनी मला खुर्चीऐवजी पायरीवर बसवलं होतं.

वाचायचे नियम होते. आधी सगळ्यांना जयभीम घालायचा. मग बातमी कुठली आहे ते सांगायचं. मग एक परिच्छेद वाचायचा आणि थांबायचं. बसलेल्यांनी "हं" म्हटलं की पुढे जायचं. हं आलं नाही तर बातमी पोचली नाही असं समजून तोच परिच्छेद पुन्हा वाचायचा. कोणी "समजलं नाही" असं तोंडाने म्हणत नसे. मोठ्या माणसाने पोरापुढे असं म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून ही सोय असावी. सगळ्यात शेवटी हं म्हणायचे ते दगडूतात्या, आबांचे जोडीदार. ते आधी खोकायचे आणि मग हं म्हणायचे. त्यांचा खोकला म्हणजे पुढच्या परिच्छेदाची घंटाच होती.

त्या पायरीवरून मी जिल्ह्याच्या गावी होस्टेलला गेले, पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. शिष्यवृत्ती मिळाली, पुण्यात कॉम्प्युटरचं शिक्षण झालं. आमच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी स्वतः नगरला येऊन मला होस्टेलात दाखल केलं होतं, ते मी कधी विसरणार नाही. पुण्याच्या कंपनीने मला अमेरिकेला पाठवलं ते एका विचित्र कामासाठी. जगभरातल्या कॉम्प्युटरमध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेलं होतं. दोन हजार साल उजाडलं की त्यांना ते एकोणीसशे वाटणार होतं. ते दुरुस्त करायला आमच्यासारख्या मुलामुलींची विमानं भरभरून जात होती. मी ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात उतरले.

तिथे गेल्यावर पहिली गडबड झाली ती मीटिंगमध्ये. मी दोन वाक्यं बोलायची आणि थांबायची. समोरचे सगळे माझ्याकडे बघत राहायचे, मी त्यांच्याकडे. मॅनेजर सभ्य माणूस. तो म्हणायचा, "सुजाता, कंटिन्यू, कंटिन्यू." त्याला वाटायचं मी इंग्रजी शब्द शोधतेय. मी कशाची वाट बघत होते ते माझं मलाच बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

दुसरी गंमत झाली ती पेपरची. एका मराठी पेपरने आपला अंक इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली होती. तो वाचायला त्यांचा फाँट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर नुसती कंस, टोप्या आणि प्रश्नचिन्हांची जत्रा दिसायची. माझ्या ऑफिसच्या मशीनवर तो फाँट बसला. काम संपल्यावर मी तासभर थांबायची आणि वाचायची. आमच्याकडे संध्याकाळ असे तेव्हा मिरजगावात दुसऱ्या दिवसाची पहाट होत असे, आणि नगरहून पेपरची गाडी निघालेलीही नसे. म्हणजे मिरजगावात पोचायच्या आधी मिरजगावचा पेपर मी वाचून मोकळी.

शनिवारीही मी संध्याकाळी ऑफिसात जाऊन पेपर वाचायची आणि मग गावातल्या एसटीडी बूथवर फोन करायची. तिथे रविवारची सकाळ असायची आणि आबा येऊन बसलेले असायचे. एकदा बोलता बोलता मी म्हटलं, "आबा, आज राशीनला आग लागल्याचं आलंय, दोन दुकानं गेली."

"कुठं आलंय?"

"पेपरात."

"कंच्या पेपरात? गाडी अजून यायचीय."

मी समजावून सांगायला लागले, पण फोनचं मीटर पळत होतं. पुढच्या शनिवारी आबांबरोबर दगडूतात्या बूथवर आले होते. आबांच्या हातातून त्यांनी फोन घेतला. आधी खोकले.

"सुजे, तुला पेपर आदी दिसतं म्हनं?"

"हो तात्या, थोडं आधी."

"मंग मंगळवारचं बघ की. नगरला कांदा काय भावानं जातोय? आमच्या पाव्हन्यानं सोमवारी न्यायाचा का ठिवायचा ते इचारलंय."

"तात्या, मंगळवारचं नाही दिसत. आजचंच दिसतं, फक्त तुमच्या आधी."

"अगं पन आदी दिसतं ना? मंग वाईच आजून आदी बघ."

मागून आबांचा हसण्याचा आवाज आला. "आन फोन. तुला काय कळतंय." पण आबांनाही ते नीट कळलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. आज कोणता वार, हे मला दिवसातून दोनदा ठरवावं लागायचं.

टेपचं सुरू झालं ते समीर लिमयेमुळे. तो माझ्याच ऑफिसात होता, पुण्याचा. त्याचे आईवडील सहा महिन्यांसाठी आले होते. मी त्यांना आजी-आजोबा म्हणायची. आजोबा टीव्हीपुढे बसत. आजींना मात्र पुण्यात रोज सकाळी पेपर लागायचा आणि बाहेर तर बर्फ पडायला लागलेलं. समीरच्या घरच्या कॉम्प्युटरवर फाँट काही केल्या बसेना, आणि बसला असता तरी आजींच्या डोळ्यांना पडदा सोसत नव्हता. समीर एक दिवस म्हणाला, "तू नाहीतरी वाचतेसच. मोठ्याने वाच ना. टेप करून दे आईला. ती भिंतींशी बोलायला लागलीय."

मी सेलमधून दोन कॅसेटांचा टेपरेकॉर्डर आणला. शनिवारी सकाळी ऑफिसातून छापून आणलेल्या बातम्या घेऊन बसले आणि वाचल्या. पहिली कॅसेट समीरने दुसऱ्याच दिवशी परत आणली. "आई म्हणते टेप अडकतेय. मधेमधे नुसती खरखर."

ती अडकत नव्हती. परिच्छेद संपला की मी थांबले होते, इतकंच. मी ती पुसली आणि पुन्हा वाचली, सरळ, न थांबता, रेडिओवर वाचतात तशी. लहानपणी होस्टेलच्या रेडिओवर ऐकलेली बातम्यांची बाई मी डोळ्यांपुढे आणली. सुरुवातीला काय म्हणावं ते मला कळेना. जयभीम ओठावर आला होता, कारण वाचायचं म्हटलं की तोच आधी येतो. नमस्कार म्हणून बघितलं, ते दुसऱ्याचं वाटलं. शेवटी मी काहीच म्हटलं नाही. थेट बातमीला सुरुवात केली.

ती कॅसेट आजींना फार आवडली. समीरच्या ओळखीत आणखी चार घरी कोणाचे ना कोणाचे आईवडील आलेले होते. त्यांनी कॉप्या मागितल्या. दर रविवारी मी कॅसेटा वाटत फिरायची, दुधाचा रतीब घातल्यासारखी. लोक कौतुक करायचे. "काय स्वच्छ वाचता हो तुम्ही." मला बरं वाटायचं. मिरजगावच्या शाळेत शिकलेल्या मुलीचं पुण्याची माणसं कौतुक करतायत, हे काही लहान नव्हतं माझ्यासाठी.

एका रविवारी लिमये आजींनी मला बसवून घेतलं. त्या मटार सोलत होत्या.

"नगरचं फार असतं गं तुझ्या टेपेत. पुण्याचं जास्त वाच ना."

"वाचेन आजी."

"तू नगरचीच ना? आडनाव काय म्हणालीस?"

"साळवे."

"साळवे." त्यांनी एक शेंग सोलली. "म्हणजे ख्रिश्चन का तुम्ही? नगरकडे आहेत ना साळवे ख्रिश्चन."

"नाही."

पुढचं वाक्य माझ्याकडे तयार होतं. पण तेवढ्यात समीर चहा घेऊन आला आणि विषय बदलला. की मी तो बदलू दिला, कोण जाणे. आजींनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी मला डब्यात मटार-उसळ बांधून दिली. मी ती घरी येऊन खाल्ली, छान झाली होती, आणि खाताना मी विचार करत होते की त्यांना कळलंय की नाही. कळलं असेल तर उसळ कशाची, आणि नसेल कळलं तर कशाची?

त्याच सुमारास आबांनी फोनवर सांगितलं की विहारातलं वाचन बंद पडलंय. वाचणारी पोरं पुण्याकडे कंपन्यांत गेली, विहारासमोरच्या घरात टीव्ही आला आणि बाकीची तिकडे बसायला लागली.

"पेपर येतो, पडून ऱ्हातो," आबा म्हणाले. "तू तिकडनं वाचून पाठीव. त्या पुन्याच्या म्हातारीला पाठीवतीस ना, तसं."

"आबा, तुमच्यापर्यंत पोचायला तीन आठवडे लागतील. बातम्या जुन्या होतील."

"जुनं झालं म्हून काय झालं? पुरं तर व्हईल."

मला ते काही पटलं नाही, पण मला आनंद झाला. त्या आठवड्याची जी कॅसेट आजींसाठी केली होती तिचीच एक कॉपी काढली आणि पुण्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. त्याने ती पुण्यातून पोस्टात टाकली. माझं सगळ्यात चांगलं वाचन होतं ते. एकही शब्द अडखळला नव्हता. आता आबा आळीला सांगतील, बघा कशी वाचते, असं मी मनात घोळवत होते.

महिन्याभराने फोनवर विचारलं, "टेप मिळाली का?"

"मिळाली की. लई चांगली हाय. सगळे बसले हुते, टीव्ही बंद करून आले."

"मग?"

"तात्या म्हनला, रेडिओतली बाई दिसती." मग आबा म्हणाले, "तुला येळ न्हाई मिळाला व्हय? कामात हुतीस का?"

"म्हणजे?"

"न्हाई, दुसऱ्या बाईकडनं वाचून घेतलंस म्हून इचारतो."

"आबा, ती मीच आहे."

मग आबा म्हणाले, "आं? तू हैस? मग जयभीम कसा न्हाई घातलास?" आणि मी काही बोलायच्या आत, "आन थांबली न्हाईस कुठं. आमाला हं म्हनायला जागाच न्हाई ठिवलीस. आमी आपले बसलो नुसते."

ते रागावले नव्हते. त्यांचा आवाज हरवल्यासारखा होता, जत्रेत एखाद्याला आपलं माणूस समजून हाक मारावी आणि त्याने वळून बघितल्यावर दुसराच निघावा, तसा. मी कॅसेट लावून स्वतः ऐकली. ऐकून मलाही वाटलं, ही कोण? हिचं गाव कोणतं असेल? हिने सगळं बरोबर वाचलंय, आणि हिला कोणी घरी ओळखत नाही. माझ्या शिक्षणाचं चीज झालं म्हणायचं की काय म्हणायचं, मला ठरवता येईना. आबांनी मला शिकवलं ते मी असं वाचावं म्हणूनच ना?

पुढच्या शनिवारी मी आबांसाठी वेगळी टेप करायला बसले. जयभीम घातला. खोलीत कोणी नव्हतं, तो मला मोठ्याने ऐकू आला. परिच्छेद वाचला, थांबले, आणि मग प्रश्न पडला की किती थांबायचं? विहारात समोर माणसं असायची म्हणून कधी मोजायची वेळ आली नव्हती. मी डोळे मिटले. आबा पहिले, मग कडेच्या बायका, मग माझी आई, तिचं हं नुसतं नाकातून असतं. मग तात्यांचा खोकला, मग तात्या. तेवढा वेळ जाऊ दिला आणि पुढे वाचलं. एका बातमीसाठी दुप्पट वेळ लागला. दोन टेपा करायला त्या आठवड्यात सवड नव्हती, म्हणून तीच टेप मी सगळ्यांना दिली. लिमये आजींनाही. जयभीमसकट, थांबण्यासकट. धीर करून वगैरे दिली नाही. दुसरी नव्हती म्हणून दिली. पण देताना कोणाच्या घरी बसले नाही.

आजी त्या टेपेबद्दल चांगलं वाईट काही बोलल्या नाहीत. कोणीच बोललं नाही. एका घरातून मात्र कॅसेट मागायचं हळूहळू बंद झालं. त्यांचे आईवडील परत गेले म्हणून असेल. मी विचारलं नाही.

दीड-दोन महिन्यांनी समीर कोणाच्या तरी लग्नासाठी पुण्याला जाऊन आला. आबांनी पुण्यात कामाला असलेल्या आमच्या आळीतल्या पोराकडे एक पुडकं दिलं होतं. त्याने ते समीरकडे पोचवलं. त्यात शेंगदाण्याची चटणी होती आणि एक कॅसेट. समीर थकून झोपला आणि आजींनी टेबलावर कॅसेट बघितली, ती या आठवड्याच्या बातम्यांची असणार असं समजून लावली.

मी रविवारी दार वाजवलं तेव्हा आतून मला आबांचा आवाज ऐकू आला.

"ऱ्हावा की वाईच! गप बसा. पोरगी वाचतीय."

मी दारातच उभी राहिले. कोलंबसच्या त्या गरम केलेल्या, गालिचा घातलेल्या खोलीत आमचा अख्खा विहार बसला होता. आबांनी माझी कॅसेट विहारात लावली होती आणि लग्नात स्पीकर लावणाऱ्या पोराकडून दुसरा टेपरेकॉर्डर आणून सगळ्यांचे आवाज भरायला समोर ठेवला होता. माझा जयभीम आला, आणि त्यावर सगळ्यांचा जयभीम आला. एक लहान पोर उशिरा, एकटंच ओरडलं आणि हशा झाला. माझा परिच्छेद. मग हं, हं, नाकातलं हं, खोकला, हं. मी ठेवलेली जागा बरोबर पुरली होती. एके ठिकाणी तर तात्यांचा खोकला लांबला आणि मी टेपवर पुढे वाचायला लागले, तेव्हा आईचा आवाज आला, "थांब की गं, तात्यांचं व्हऊ दे!"

आजी खुर्चीत पुढे वाकून ऐकत होत्या. मला बघून त्यांनी हातानेच बस म्हटलं.

मग दोन हजार सालाची बातमी आली. कॉम्प्युटरना नवं साल कळणार नाही, बँका आणि विमानं अडचणीत येतील, अशी ती बातमी. माझा परिच्छेद संपला. मी टेपवर थांबले. आणि कोणी हं म्हटलं नाही. नुसती खरखर. पुढचा परिच्छेद सुरू झाला तसे आबा म्हणाले, "बंद कर. मागं घे. पुना लाव." खटका, रिळं मागे फिरल्याचा चिरका आवाज, आणि पुन्हा तोच परिच्छेद. पुन्हा शांतता.

मग दगडूतात्या. "सालच कळंना त्याला?"

"न्हाई कळत."

"एवढं मोठं मशीन, आन साल कळंना? मंग शाळंत घाला म्हनावं."

आणि आबा म्हणाले, सावकाश, प्रत्येक शब्द सोडत, "त्याच्यासाठीच आमची सुजी गेलीय तिकडं. त्यास्नी साल शिकवायला."

मग सगळ्यांचं एकदम, "हंऽऽ."

आजी मोठ्याने हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "साल शिकवायला!" त्या म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "कोण गं हे?"

"माझे आबा."

"आणि बाकीचे? ते खोकतात ते?"

आता समीर झोपलेला होता आणि चहा यायचा नव्हता. मी म्हटलं, "आमची आळी आहे आजी. आमच्या बुद्धविहारात बसलेत सगळे. तिथे आम्ही असंच वाचतो. तुम्ही मागे विचारलं होतं ना आडनावाचं."

आजींनी माझ्याकडे बघितलं. टेप फिरत होती, तिकडे तात्या खोकत होते. आजी म्हणाल्या, "हं."

मी ते हं किती वेळा आठवून बघितलंय. विहारातले सगळ्यांचे हं मला ओळखता येतात, कोणाला समजलं, कोण नुसतं माना डोलावतंय, कोणाला झोप आलीय. ते एक मला आजपर्यंत लागलेलं नाही. त्यानंतर आजी म्हणाल्या, "मागे घे जरा. परत लाव." मी मागे घेतलं. त्यांना सालाची गंमत परत ऐकायची होती, की मी सांगितलं ते पोचायला त्यांना तेवढा वेळ हवा होता? आमच्याकडे हा प्रश्नच आला नसता. आमच्याकडे पुन्हा वाच म्हणण्याचा एकच अर्थ. इथे मला कळेना. आम्ही दोघींनी ती कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. निघताना त्यांनी डबा दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येशील ना? आणि हे बघ, थांबत जा तशीच. मला शेंगा सोलायला बरं पडतं." वसंतात त्या पुण्याला परत गेल्या. मग भेट नाही.

ती कॅसेट ऐकल्यावरच्या शनिवारी आबांना फोन केला तेव्हा ते पहिलं वाक्य म्हणाले, "आता कळलं कोन वाचतंय ते." एवढंच. मग दगडूतात्यांनी फोन घेतला आणि विचारलं की मशीन काही शिकतायत की नाही.

आता एकोणीसशे नव्याण्णव संपत आलंय. सगळी सालं दुरुस्त झाली तर माझं काम संपेल, आणि मॅनेजर म्हणतो की दुसरं काम आहे, राहा. कंपनी म्हणते राहा. आई म्हणते ये. आबा काहीच म्हणत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "तुझं तू बघ. टेप पाठवायची इसरू नको." मी घरी जाईन म्हणते तेव्हा घर म्हणजे नेमकं काय म्हणते, हे मला सांगता येत नाही. इथल्या फ्लॅटची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. मिरजगावच्या घराला कुलूपच नाही. इथे मी मिरजगावचा पेपर मिरजगावच्या आधी वाचते, आणि तिथे माझा आवाज माझ्यानंतर तीन आठवड्यांनी पोचतो. तोवर मी पुढे कुठेतरी गेलेली असते. पोचतो तेव्हा तिथे असते ती कोण, आणि इथे असते ती कोण?

त्या रस्त्याच्या बातमीचं उरलेलं मी इंटरनेटवर शोधून पाहिलं. जुना अंक तिथे नाही. नवा आला की ते जुना काढून टाकतात. आबांना मी हे सांगितलेलं नाही. ते अजून अधूनमधून विचारतात.

शनिवारी सकाळी मी अजून बसते. टेपरेकॉर्डरची दोन्ही बटणं एकदम दाबते, जयभीम घालते, गाव सांगते, परिच्छेद वाचते आणि थांबते. बाहेर शेजारी गाडीवरचं बर्फ खरवडत असतो. आबा, बायका, आई, खोकला, तात्या. बहुतेक वेळा सगळे येतात. कधी कधी कोणाचंच हं ऐकू येत नाही. मग मी तो परिच्छेद पुन्हा वाचते.